गुडघ्यात एक्सोसोमचं इंजेक्शन : आईला द्यावं का?

मन्याडकाठ (धागाकर्ता)

मंडळी, आई ६४ वर्षांची. आम्ही कंधार तालुक्यातले, मी नोकरीमुळं लातूरला. तिचे दोन्ही गुडघे पाच-सहा वर्षांपासून दुखतात. उठता-बसता कटकट आवाज येतो, जिना उतरताना जीव जातो, खुरपायला बसली की उठवत नाही, आणि तरी बसतेच. लातूरच्या हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून ‘ग्रेड ३ झीज’ सांगितली. वजन कमी करा, व्यायाम करा, वाटी बदलायची एवढ्यात गरज नाही, म्हणाले.

मागच्या आठवड्यात तालुक्याच्या गावी मंगल कार्यालयात हाडांच्या ठिसूळपणाचं मोफत तपासणी शिबिर झालं. टीम बाहेरगावची होती. आईला त्यांनी सांगितलं, “गुडघ्यातलं ग्रीस संपलंय, पण ऑपरेशन करू नका. स्टेम सेलपासून काढलेलं एक्सोसोम आत सोडलं की गादी परत तयार होते.” दोन्ही गुडघ्यांचे मिळून १ लाख ८० हजार, दसऱ्याच्या आत भरले तर दीड लाख. एका बाटलीत ‘शंभर अब्ज एक्सोसोम’ असतात म्हणे. पत्रकावर परदेशी शास्त्रज्ञांचे फोटो आहेत आणि नोबेलचाही उल्लेख आहे.

आईचं मन बसलंय. शेजारच्या मावशींनी बयानाही दिलाय. सोयाबीन विकलं की ते पैसे यात घालू म्हणते. मला यातलं काही कळत नाही. जाणकारांनी सांगा.

डावा_कालवा

दसऱ्याच्या आत सवलत, इथंच माझा विश्वास उडाला. दुखण्याला कसला आलाय मुहूर्त? पत्रकाचा फोटो टाका. आणि मावशींना म्हणावं, बयान्याची पावती जपून ठेवा.

सूक्ष्मदर्शी

मी मूळचा सेलूचा, हैदराबादला जैवऔषधांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. पेशी वाढवणं आणि त्यांनी बाहेर सोडलेलं गाळून घेणं हाच रोजचा उद्योग, म्हणून जरा लांबण लावतो.

एक्सोसोम ही थाप नाही. आपल्या शरीरातल्या पेशी स्निग्ध पडद्याच्या अतिसूक्ष्म पुटिका बाहेर सोडत असतात. आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर, म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारच नाहीत. आत प्रथिनं आणि आरएनएचे तुकडे असतात, आणि दुसऱ्या पेशीनं ते आत घेतले की तिच्या वागण्यात फरक पडू शकतो. १९८३ मध्ये मेंढीच्या अपक्व लाल पेशींवर काम करताना मॉन्ट्रियलच्या रोझ जॉन्स्टोन यांच्या गटाला या पुटिका दिसल्या. पेशी नको असलेला माल बाहेर टाकते, एवढाच अर्थ तेव्हा लावला गेला आणि पुढं बरीच वर्षं कुणी फारसं विचारलं नाही.

स्टेम सेलचा संबंध नंतर आला. अस्थिमज्जा, चरबी, नाळ यांतून मेसेंकायमल नावाच्या मूलपेशी (स्टेम सेल म्हणजे याच, ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात) मिळतात. त्या टोचल्या की जिथं झीज झालीय तिथं जाऊन नवं हाड, नवी कूर्चा (सांध्यातली गादी) बनवतील अशी आशा होती. प्राण्यांमध्ये माग काढल्यावर दिसलं की शिरेतून दिलेल्या बहुतेक पेशी फुप्फुसातच अडकतात आणि थोड्या दिवसांत मरून जातात. तरी काही प्रयोगांत गुण दिसायचा. मग शंका आली की पेशींनी सोडलेला ऐवजच काम करत असावा. २०१० मध्ये सिंगापूरच्या गटानं या पेशींचे एक्सोसोम उंदरांना देऊन दाखवलं की हृदयाचा रक्तपुरवठा तुटून परत सुरू झाल्यावर होणारी इजा त्यानं कमी होते. तिथून जगभर धावपळ सुरू झाली. जिवंत पेशी नाही म्हणजे ती शरीरात वाढून गाठ होण्याची भीती कमी, गाळून निर्जंतुक करणं सोपं, गोठवून ठेवणं सोपं. कल्पना म्हणून मलाही आवडते.

गडबड इथून पुढं आहे. पेशी ज्या द्रवात वाढवतात त्यात बहुतेक वेळा वासराच्या रक्ताचा रक्तद्रव असतो, आणि त्यात वासराचे स्वतःचे एक्सोसोम भरलेले असतात. ते आधी काढले नाहीत तर बाटलीत कुणाचे किती हे सांगता येत नाही. वेगळं करायची जुनी पद्धत म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोर पडेल एवढं गरगर फिरवून खाली बसवायचं. त्यात प्रथिनांचे गोळे आणि चरबीचे कणही सोबत बसतात. कण मोजणारं यंत्र आकार बघून मोजतं, तो कण एक्सोसोम आहे का नुसती चरबी, हे त्याला कळत नाही. तेव्हा ‘शंभर अब्ज’ हा आकडा मोठा दिसतो, पण औषध किती हे त्यावरून ठरत नाही. त्याच पेशी दुसऱ्या दात्याच्या घेतल्या, दोन पिढ्या जास्त वाढवल्या, प्राणवायू कमी-जास्त केला, की आतला ऐवज बदलतो. आम्हाला साध्या प्रथिनाच्या औषधाची एक खेप दुसऱ्या खेपेसारखी आहे हे सिद्ध करताना घाम फुटतो.

नोबेलचं म्हणाल तर २०१२ चं यामानाका आणि गर्डन यांना मिळालं, प्रौढ पेशीला पुन्हा मूळ अवस्थेत नेता येतं म्हणून. २०१३ चं पेशीच्या आत मालवाहतूक कशी चालते याबद्दल तिघांना मिळालं. गुडघ्याचा दोन्हींशी काही संबंध नाही.

आणि मुख्य गोष्ट. अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांना मान्यता देणारी तिथली सरकारी संस्था) आजवर एकाही एक्सोसोम औषधाला मान्यता दिलेली नाही. उलट डिसेंबर २०१९ मध्ये नेब्रास्का राज्यात अशा इंजेक्शनांनंतर रुग्णांना गंभीर त्रास झाल्यावर त्यांनी जाहीर इशारा दिला. आपल्याकडंही मंजूर झालेलं एक्सोसोमचं इंजेक्शन नाही.

तूरडाळ

वाचनखूण साठवली. एक भाबडा प्रश्न : स्टेम सेलनं रक्ताचा कॅन्सर बरा होतो असं ऐकून आहे. मग ते पण खोटं का?

सूक्ष्मदर्शी

ते शंभर टक्के खरं. अस्थिमज्जा प्रत्यारोपण म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींचंच प्रत्यारोपण. डॉनल थॉमस यांना त्यासाठी १९९० चं नोबेल मिळालं, आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ मध्येच ते झालं होतं. इथं पेशी खरोखर हाडाच्या पोकळीत जाऊन बसतात आणि जन्मभर रक्त तयार करतात. आयसीएमआर (सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत : रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं हे प्रत्यारोपण नेहमीचा उपचार म्हणून चालेल, बाकी मूलपेशींचा वापर मान्यता मिळेपर्यंत फक्त नोंदणीकृत चाचणीत. आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी म्हणालं “हा ट्रायल आहे, दीड लाख भरा”, तर तिथंच उठून यावं.

लेकराची_आई

मी माजलगावची. वरचं वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवेना.

माझ्या धाकट्याला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे जन्मजात आजार, शरीर पुरेसं रक्त बनवत नाही. सहा महिन्यांचा असताना पांढराफटक पडायला लागला तेव्हा कळालं. त्यानंतर दर तीन आठवड्यांनी रक्त. ज्यांच्या घरी हे नाही त्यांना सांगून समजत नाही : एसटीनं पहाटे निघायचं, हिमोग्लोबिन बघायचं, पिशवी मिळेपर्यंत थांबायचं, शीर सापडेपर्यंत लेकरू रडायचं, रात्री परत. रक्तातलं लोह लिव्हरमध्ये आणि हृदयात साठतं म्हणून ते काढायच्या गोळ्या, रोज. शाळा बुडायची ती वेगळीच.

डॉक्टरांनी एचएलए, म्हणजे कुणाच्या पेशी लेकराशी जुळतात ते, तपासायला सांगितलं. सख्ख्या भावंडांत जुळायची शक्यता चारात एक. आमच्या थोरलीचं जुळलं. नुसतं लिहितानासुद्धा अंगावर काटा येतोय. पुढं वेल्लोरच्या सीएमसीला नेलं. काटपाडी स्टेशनवर उतरायचं, तिथून गाव जवळच. प्रत्यारोपण म्हटलं की लोकांना ऑपरेशन वाटतं. तसं काही नाही, रक्त चढवतात तशीच एक पिशवी चढवतात. अवघड असतं त्याच्या आधीचं आणि नंतरचं. आधी केमोथेरपी देऊन लेकराची स्वतःची मज्जा संपवतात. मग नवी धरेपर्यंत काचेच्या पलीकडं ठेवतात, तोंडात फोड, खाणं बंद, साधा ताप आला तरी सगळे पळतात. नवी मज्जा धरलीच नाही, किंवा बहिणीच्या पेशींनी भावाच्याच शरीरावर हल्ला केला, असं होऊ शकतं. हे सगळं आम्हाला सही करायच्या आधी समोर बसवून सांगितलं होतं. ‘गॅरंटी’ हा शब्द तिथं कुणी उच्चारला नाही.

पैशाचं : कोल इंडियाची थॅलेसेमिया बाल सेवा योजना आहे, ठरलेल्या रुग्णालयांत प्रत्यारोपणासाठी १० लाखांपर्यंत मदत मिळते. कागदं भरपूर लागतात, पण मिळते. ज्यांचं लेकरू लहान आहे त्यांनी लवकर चौकशी करा, लिव्हर खराब व्हायच्या आत केलं तर यश जास्त.

आता लेकाला रक्त लागत नाही. तो क्रिकेटमध्ये हात मोडून घेऊन आला तेव्हा मी रागवायच्या ऐवजी हसत होते, सासूबाईंना वाटलं हिला येड लागलं.

आणखी एक. थोरलीच्या वेळी नाळेतलं रक्त साठवणाऱ्या कंपनीचा माणूस बाळंतपणाआधी घरी आला होता. जन्मभराचा विमा म्हणत होता. थॅलेसेमियाच्या लेकराला स्वतःच्याच नाळेतलं रक्त देऊन काय होणार, त्यातही तोच बिघडलेला जीन असतो. हे मला नंतर वेल्लोरला कळालं. घ्यायचंच तर भावंडाचं कामाला येतं.

डावा_कालवा

ताई, वाचून डोळे भरून आले. लेकराला आशीर्वाद.

तूरडाळ

+१. आणि लग्नाआधी, निदान दिवस गेल्यावर लगेच, एचबी-ए-टू (थॅलेसेमियाचा दोष अंगात आहे का ते सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या असं कुणीतरी गावागावात सांगायला पाहिजे. कुंडली बघायला वेळ असतो आपल्याला.

प्रॅक्टिकल_माणूस

सगळे एका सुरात बोलताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझ्या सासऱ्यांनी एका मोठ्या शहरात हेच एक्सोसोम गुडघ्यात घेतलं. चार महिने झाले. आधी काठी लागायची, आता सकाळी मारुतीच्या देवळापर्यंत पायी जातात. हे डोळ्यांनी बघितलेलं खोटं कसं म्हणू? मान्यता वगैरे सरकारी कामं, फायली पडून राहतात. आणि ज्या डॉक्टरांना वाटी बदलून पैसे कमवायचेत ते इंजेक्शनला चांगलं म्हणतील का?

फिजिओ_सिडको

प्रॅक्टिकलदादा, तुमचा शेवटचा मुद्दा मला पूर्ण खोडता येणार नाही. गुडघ्याच्या सांध्याच्या किमतींवर सरकारला २०१७ मध्ये मर्यादा घालावी लागली, त्याआधी काय चाललं होतं हे मी जवळून बघितलंय. पण एकानं महाग विकलं म्हणून दुसऱ्याचं औषध खरं ठरत नाही.

मी संभाजीनगरला फिजिओथेरपिस्ट आहे, निम्मे पेशंट गुडघ्याचेच. सासऱ्यांना बरं वाटतंय यावर माझा विश्वास आहे. संधिवाताचं दुखणं चढतं-उतरतं. माणूस सुई घ्यायला जातो तो दुखणं सगळ्यात जास्त असताना, तिथून ते बहुतेकदा उतरतंच. शिवाय गुडघ्यात नुसतं मिठाचं पाणी टोचलं तरी चाचण्यांमध्ये बऱ्याच जणांचं दुखणं चांगलं कमी होतं, आणि ते महिनोन् महिने टिकतं. म्हणून तर तुलनेला दुसरा गट लागतो. २०२३ मध्ये नेचर मेडिसिन या नियतकालिकात अमेरिकेतली मोठी चाचणी आली. पावणेपाचशे रुग्ण. कुणाला स्वतःच्या मज्जेतल्या पेशी, कुणाला चरबीतल्या, कुणाला नाळेतल्या, आणि काहींना साधं स्टिरॉइडचं इंजेक्शन. वर्षभरानं दुखणं सगळ्यांचं कमी झालं, पण पेशींचा एकही गट स्टिरॉइडपेक्षा सरस निघाला नाही. स्टिरॉइड त्यामानानं किती स्वस्त असतं हे तुम्हाला माहीतच आहे.

आता तुमच्या बाजूचंही सांगते. गुडघ्यासाठी मूलपेशींचं एक उत्पादन भारतात रीतसर मंजूर आहे. बंगळुरूच्या स्टेमप्यूटिक्सचं, अल्केम कंपनी २०२२ पासून स्टेमवन नावानं विकते. दात्यांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी वाढवून, ग्रेड २ आणि ३ च्या झिजेसाठी. तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत १४६ रुग्ण होते, दुखणं आणि हालचाल पेशी नसलेलं इंजेक्शन घेतलेल्या गटापेक्षा बरी निघाली. गादी नव्यानं उगवली असा दावा त्यात नाही. माझं वैयक्तिक मत, अजून मोठ्या आणि स्वतंत्र चाचण्या व्हायला हव्यात, मी माझ्या आईला एवढ्यात सुचवणार नाही. पण त्यावर परवाना आहे, खेप क्रमांक आहे, काही झालं तर जाब विचारायला ठिकाण आहे. मंगल कार्यालयातली बाटली त्याच्या नावावर खपू नये.

प्रॅक्टिकल_माणूस

पाण्यानं दुखणं कमी होतं हे काही पटत नाही, पण चाचणी वाचून बघतो. सासऱ्यांना मात्र हे सांगणार नाही.

फिजिओ_सिडको

सांगूच नका. देवळापर्यंत चालणं चालू राहू द्या, खरं औषध तेच आहे.

कोरडवाहू

मी शेतकरी माणूस, वरचं निम्मं डोक्यावरून गेलं. पण एवढं कळतं. आम्ही सोयाबीनची तीस किलोची पिशवी घेतो तर तिला लेबल असतं. लॉट नंबर, उगवणशक्ती किती टक्के, कधी तपासली, कधीपर्यंत चालंल. उगवलं नाही तर कृषी अधिकारी पंचनाम्याला येतो, लॉट नंबरवरून कंपनीला धरता येतं. तरी बोगस बियाणं येतंच ना दरवर्षी? मग जे माझ्या मायच्या गुडघ्यात जाणार त्याच्यावर यातलं काय काय लिहिलंय, एवढं त्या दादानं बाटली हातात घेऊन बघावं.

सूक्ष्मदर्शी

कोरडवाहू, आमच्या विभागात नोकरी हवी असली तर सांगा. उगवणशक्तीचाच प्रश्न सगळ्यात अवघड आहे. बाटलीतले कण मोजले, पण ते गुडघ्यात गेल्यावर काय काम करतात आणि प्रत्येक खेप तेवढंच करते का, हे मोजायची सर्वमान्य कसोटी एक्सोसोमसाठी अजून ठरलेलीच नाही.

नायगावची_वैशू

थोडं अवांतर, पण मूलपेशींचंच आहे आणि चांगलं आहे.

माझ्या पुतण्याच्या डोळ्यात चुना गेला होता. आपल्याकडं घरोघरी तंबाखूबरोबर चुन्याची ट्यूब पडलेली असते, लेकरं ती दाबून खेळतात, आणि ती फुटते. कुणाच्या घरात लहान लेकरू असेल तर आज रात्रीच ती वर ठेवा. आणि गेलाच डोळ्यात तर आधी तिथल्या तिथं भरपूर पाण्यानं धुत राहायचं, गाडी नंतर शोधायची.

बुबुळाच्या कडेला मूलपेशींचं कडं असतं, त्या पेशी बुबुळाचा वरचा थर सतत नवा करतात. चुन्यानं ते कडंच जळालं. मग पांढरा पडदा आणि लाल शिरा बुबुळावर चढत गेल्या, डोळा उघडा असून अंधार. नांदेडच्या डॉक्टरांनी हैदराबादला एल. व्ही. प्रसादला पाठवलं. तिथं चांगल्या डोळ्याच्या कडेचा अगदी बारीक तुकडा घेतात, दोन मिलिमीटरचा, त्याचे आणखी बारीक तुकडे करून जळालेल्या डोळ्यावर गर्भपिशवीचं पातळ आवरण लावून त्यावर चिकटवतात. त्या तुकड्यांतून नवा थर पसरतो. ही पद्धत तिथल्याच डॉ. वीरेंद्र संगवान यांनी काढली आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. आधी पेशी प्रयोगशाळेत वाढवायला लागायच्या, यात ते काम डोळ्यातच होतं, म्हणून खर्च पुष्कळ कमी.

पुतण्याला पहिल्यासारखं दिसत नाही, पण फळ्यावरचं वाचतो.

तूरडाळ

वैशू, चुन्याचं आमच्या कट्ट्यावर सांगतो.

आता गंमत बघा. आजच एक रील आलं, ‘एक्सोसोम फेशियल, गुलाबाच्या स्टेम सेलपासून’. गुलाबाचे पण असतात?

डावा_कालवा

गुलाबाचा गुलकंद करावा, पानात घालून खावा. चुना मात्र जपून.

परळीकर_मामा

माझ्या भाच्याला ऑटिझम आहे, ५ वर्षांचा. एका ठिकाणी पाठीच्या मणक्यातून स्टेम सेल देऊ म्हणतात, तीन वेळा. बहिणीनं दागिने काढलेत. काय सांगू तिला?

सूक्ष्मदर्शी

मामा, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळानं २०२२ मध्येच स्पष्ट केलंय की ऑटिझमसाठी मूलपेशी उपचाराची शिफारस करता येत नाही आणि तो देणं व्यावसायिक गैरवर्तन धरलं जाईल. दागिने परत घालायला सांगा.

फिजिओ_सिडको

मामा, त्या पैशातून बोलण्याची थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी बरीच वर्षं होईल. ५ वर्षं म्हणजे उशीर झालेला नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी डीईआयसी केंद्र असतं, लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींसाठीच. तिथून सुरुवात करा, खर्च नाही. व्यनि करते.

मन्याडकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. काल त्या टीमच्या माणसाला फोन केला. कोरडवाहू दादांनी सांगितलं तसं बाटलीचा फोटो मागितला. आधी म्हणाला कंपनीचं गुपित आहे. मग मावशींच्या मुलानं आवाज चढवल्यावर पाठवला. बारीक अक्षरात लिहिलंय : ‘सौंदर्यप्रसाधन, फक्त त्वचेवर लावण्यासाठी’. मी विचारलं, हे गुडघ्यात कसं देता? तर म्हणतो, “त्वचेतून आत जातं, मग डायरेक्ट आत दिलं तर जास्तच चांगलं ना!”

परवाना विचारला तर दुकान कायद्याच्या नोंदणीचा कागद पाठवला.

कोरडवाहू

घ्या. खताच्या पोत्यात बियाणं निघालं असतं तरी मी एवढा हादरलो नसतो.

सूक्ष्मदर्शी

आता ही निव्वळ बेकायदा गोष्ट झाली. औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायद्यात सौंदर्यप्रसाधनाची व्याख्याच अशी आहे की ते स्वच्छतेसाठी किंवा रूप खुलवण्यासाठी वापरायचं. दुखण्यावरचा इलाज त्यात बसत नाही. इलाज म्हणून दिलं की ते औषध, आणि मूलपेशींपासून बनवलेलं उत्पादन २०१९ च्या नियमांनुसार ‘नवीन औषध’ ठरतं, म्हणजे केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी पाहिजेच. लावायची बाटली इंजेक्शनच्या दर्जानं निर्जंतुक केलेली असेलच असं नाही. सांध्यात जंतू शिरले तर चार दिवसांत गादीचं पाणी होतं, सांधा उघडून धुवावा लागतो, मधुमेही माणसाचा पाय आणि जीव दोन्ही धोक्यात येतात. २०१७ मध्ये फ्लोरिडातल्या तीन बायकांचं प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं : एका क्लिनिकनं चरबीतल्या ‘मूलपेशी’ दोन्ही डोळ्यांत टोचल्या आणि तिघींची नजर गेली. त्यांनीही पैसे भरले होते, त्यांनाही हे संशोधन आहे असंच वाटलं होतं.

फोटो, पत्रक, पावती, फोन नंबर सगळं ठेवा. अन्न व औषध प्रशासनाच्या औषध निरीक्षकाकडं लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. सुई देणारा डॉक्टर असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडं वेगळी तक्रार होते. इथं कुणाचं नाव लिहू नका, तक्रारीत लिहा.

मन्याडकाठ (धागाकर्ता)

तक्रार लिहितोय. मावशींचा मुलगा बयाना परत मागायला उद्या जाणार आहे. पण आईला काय सांगू? ती म्हणते, “मंग दुखतच ऱ्हाऊ द्यायचं का?” याचं उत्तर माझ्याकडं नाही.

फिजिओ_सिडको

तिचा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि “व्यायाम करा” एवढं म्हणून घरी पाठवतात म्हणूनच ही शिबिरं चालतात. नीट सांगते.

मांडीचा पुढचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्यावरचा भार तो उचलतो. पलंगावर पाय सरळ, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबून दहापर्यंत मोजायचं. खुर्चीत बसून पाय सरळ करून धरायचा. महिनाभरानं पायाला थोडं वजन बांधून तेच. पहिले दोन आठवडे दुखेल, तेव्हाच बायका सोडून देतात. तुम्ही रोज फोन करून विचारा, आई करतेच मग, लेकानं विचारलं म्हणून.

वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोनं कमी होतो, हे मोजलेलं आहे. पाच किलो उतरवलं तरी तिला स्वतःला कळेल.

उकिडवं बसणं बंद. खुरपायला जायचंच असेल तर बुटकं स्टूल कमरेला बांधून बसतात तसं द्या, चुलीपाशीही पाट नको, ओटा करा. संडासात कमोड, नाहीतर त्यावर ठेवायची भोक असलेली खुर्ची मिळते, हजार-दोन हजारात. दीड लाख वाचवलेत ना, आधी हे करा. दुखणं फार चढलं तर हाडाचे डॉक्टर एखादं स्टिरॉइड देऊ शकतात, शुगर असेल तर त्यानंतर थोडे दिवस ती वाढते, लक्ष ठेवायचं. आणि एवढं करूनही रात्री झोप येईना, चालणं घराबाहेर जाईना, तेव्हा वाटी बदलणं वाईट नाही. जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

तूरडाळ

म्हणजे एक्सोसोमचं पुढं काहीच होणार नाही का? एवढा खटाटोप वाया?

सूक्ष्मदर्शी

वाया कशाला. २०१४ मध्ये जर्मनीत एका रुग्णाला, ज्याच्यात प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशींनी हल्ला केला होता आणि स्टिरॉइड चालत नव्हतं, मेसेंकायमल पेशींचे एक्सोसोम दिल्याची नोंद आहे, लक्षणं कमी झाली. पण तो एकच रुग्ण. लेकराच्या आईंनी वर ज्या धोक्याचं लिहिलं तोच हा. त्याच आजारात मुलांसाठी मेसेंकायमल पेशींच्या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली, तिथली त्या प्रकारची पहिलीच. त्या कंपनीला आधी एफडीएनं दोनदा परत पाठवलं होतं. उलट युरोपात आतड्याच्या भगेंद्रासाठी २०१८ मध्ये मंजूर झालेलं चरबीतल्या पेशींचं औषध पुढच्या मोठ्या चाचणीत टिकलं नाही आणि २०२४ मध्ये बाजारातून गेलं. मंजूर झालेलं औषधसुद्धा मागे घेतलं जातं, हे मला आमच्या धंद्यातलं सगळ्यात चांगलं लक्षण वाटतं.

मला स्वतःला उत्सुकता आहे ती मधुमेहाची. प्रयोगशाळेत मूलपेशींपासून इन्सुलिन करणाऱ्या पेशी बनवून टाइप १ च्या रुग्णांना दिल्या, २०२५ मध्ये निकाल आले : पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ पैकी १० जणांना वर्षभरानं बाहेरून इन्सुलिन घ्यावं लागत नव्हतं. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं मात्र चालू ठेवावी लागतात.

कोरडवाहू

लेकराच्या ताईला एक विचारायचंय. ज्यांचं भावंडात जुळत नाही त्यांचं काय? आमच्या गावात एक पोरगी आहे, तिचं कुणाशीच जुळंना.

लेकराची_आई

दादा, मग बाहेरचा दाता शोधतात. चेन्नईची दात्री नावाची नोंदणी संस्था आहे, आणखीही आहेत. १८ ते ५० वयाचं निरोगी माणूस नाव नोंदवू शकतं, गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना घेतात. जुळलंच तर पाच दिवस इंजेक्शनं देतात, त्यानं मूलपेशी रक्तात उतरतात, आणि प्लेटलेट काढतात तसं एका हातातून रक्त घेऊन पेशी वेगळ्या करून दुसऱ्या हातातून परत देतात. हाडाला भोक पाडतात हे ऐकून पोरं घाबरतात, बहुतेक वेळा तसं काही करत नाहीत. आपल्या भागातले दाते या याद्यांत फार कमी आहेत, आणि जुळायचं असेल तर आपल्यातलेच जास्त कामाला येतात.

पोरीची एचएलएची रिपोर्ट झालेली असेल तर मला व्यनि करा. माजलगावच्या कॉलेजात नोंदणीचा कॅम्प घ्यायचं मी बोलतेय, तुमच्या गावातली पोरं गाडी करून आली तर बरं होईल.

कोरडवाहू

गणेश मंडळाची पोरं आहेत, पंधरा-वीस जण. तारीख कळवा.